केसपेपर कोणाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हजेरी कमी भरलेल्या विद्यार्थ्यांची यादी फलकावर लागली, की वैद्यकीय प्रमाणपत्रांचा ओघ सुरू होतो, हे महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको. त्यांतली बहुसंख्य प्रमाणपत्रे ‘विषमज्वर’ आणि ‘कावीळ’ या दोन आजारांवर भागवलेली असतात आणि ती तशीच फायलीत लावली जातात. त्या दिवशी मात्र एक प्रमाणपत्र खरे निघाले. प्राध्यापक-कक्षात चहा चालू होता, फाईल हातोहात फिरत होती आणि आम्हा दोघांपैकी एकाने त्यावरचे आजाराचे नाव मोठ्याने वाचले. कुत्सितपणे नव्हे, कणव वाटून वाचले. “अरेरे, एवढ्या लहान वयात!” असे कोणीतरी म्हणालेही. आठ दिवसांत ते नाव वर्गात पोहोचले होते. पुढच्या सत्रात ती व्यक्ती वर्गात दिसली नाही. दाखला नेल्याचे कार्यालयातून कळले. कारण विचारायचे धैर्य आम्हांला झाले नाही.

हे सांगताना आम्ही आजाराचे नाव, वर्ष आणि वर्ग गाळला आहे. तरीही मराठीत लिहिताना एक अडचण उरतेच. ‘आला’ म्हणावे की ‘आली’? आपली क्रियापदे लिंग सांगून मोकळी होतात. शंभर जणांच्या वर्गात एवढा धागाही ओळख पटवायला पुरेसा असतो. म्हणून आम्ही ‘व्यक्ती’ या नामाचा आडोसा घेतला. एखाद्याची ओळख झाकणे हे किती कष्टाचे आणि किती बारकाईचे काम आहे, हे आम्हांला ही गोष्ट लिहिताना कळले. त्या दिवशी चहा पिताना कळायला हवे होते.

रुग्णाच्या गोपनीयतेविषयी साहित्याच्या अध्यापकांनी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो विषय डॉक्टरांचा आणि वकिलांचा. आमचे म्हणणे असे, की तो आधी भाषेचा विषय आहे. कोणाविषयी, कोणासमोर, काय बोलायचे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याचा गाभा आहे. या गाभ्यापाशीच आपला समाज घोळ घालत आला आहे.

घोळ शब्दांतही दिसतो. ‘गुपित’ आणि ‘गोपनीय’ हे एकाच धातूतून आलेले शब्द आपण समानार्थी असल्यासारखे वापरतो. पण गुपिताला भीती वा लाज चिकटलेली असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, घरातली गोष्ट घरातच राहावी, चारचौघांत वाच्यता नको, ही सारी गुपिताची भाषा आहे. गोपनीयतेत लाज अभिप्रेत नाही, विश्वास अभिप्रेत आहे. मधुमेहात लाजण्यासारखे काही नाही, तरीही माझ्या मधुमेहाची बातमी माझ्या परवानगीवाचून गावभर करण्याचा अधिकार कोणाला नाही. हा फरक नीट न केल्यामुळे आपण एक विचित्र व्यवस्था उभी केली आहे. तीत आजार शेजाऱ्यांना ठाऊक असतो, सोयऱ्यांना ठाऊक असतो आणि कित्येकदा ठाऊक नसतो तो फक्त रुग्णाला. “पेशंटला काही सांगू नका, डॉक्टर,” हे वाक्य कर्करोगाच्या दवाखान्यात ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा.

या व्यवस्थेची मुळे जुनी आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरू नव्या शिष्याला जो उपदेश करतो, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. रुग्णाचे आयुष्य थोडे उरले आहे हे कळले तरी, जेथे ते सांगण्याने त्याला वा इतरांना इजा होईल तेथे ते सांगू नये, असेही म्हटले आहे. इतक्या प्राचीन काळी हा विचार झाला याचे कौतुक वाटायला हवे. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्या विद्यार्थ्यांसाठी चरकाच्या नावाने शपथ सुचवली, तेव्हा ते कौतुक पुष्कळ झालेही. पण त्या उपदेशात जपायची आहे ती रुग्णाच्या कुळाची गोष्ट. घर हा एकक आहे. आजची गोपनीयता एका माणसाची आहे, आणि वेळ पडली तर ती त्याच्या घरापासूनही जपायची आहे. कुळापासून व्यक्तीपर्यंतचे हे अंतर कायद्याने पुष्कळसे कापले आहे. आपण अजून वाटेतच आहोत.

कायद्याने ते कसे कापले, हे पाहण्यासाठी दोन माणसांची हकिकत सांगणे आवश्यक आहे. एकाचे नाव जगाला कळले, दुसऱ्याचे आजतागायत कळलेले नाही.

पहिला गोव्याचा डॉमिनिक डिसोझा. तो नियमित रक्तदान करणारा तरुण होता. रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये म्हापशाच्या पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग डांबून ठेवण्याची तरतूद होती. तिचा आधार घेऊन चौसष्ट दिवस त्याला वापरात नसलेल्या क्षयरोग-रुग्णालयात एकटे ठेवले गेले. म्हणजे त्याच्या आजाराची बातमी पोलिसांना आधी मिळाली आणि त्याला नंतर. त्याची आई लूसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात दाद मागितली. डॉमिनिकला घरी जाता आले. पण अलगीकरणाची तरतूद मात्र न्यायालयाने वैध ठरवली. डॉमिनिक पुढे उघडपणे बोलू लागला, त्याने आजारी माणसांसाठी संघटना उभी केली आणि १९९२ साली तो गेला. २००५ सालचा ‘माय ब्रदर निखिल’ हा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे.

दुसरा माणूस मुंबईचा. तो एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी कामगार होता. कायम होण्याआधी वैद्यकीय तपासणी झाली. काम करण्यास तो धडधाकट होता, परंतु रक्तात एचआयव्ही निघाला आणि त्याचे नाव यादीतून गळाले. न्यायालयात जावे तर नाव जाहीर होणार, नाव जाहीर झाले तर नोकरीबरोबर वस्तीही जाणार, अशा कोंडीत तो सापडला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला नाव लपवून दाद मागू दिली. म्हणून तो खटला ‘एम. एक्स. विरुद्ध झेड. वाय.’ या अक्षरांनी ओळखला जातो. १९९७ साली निकाल लागला. माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले.

आम्ही साहित्याचे लोक नावाला फार महत्त्व देतो. निनावी माणूस म्हणजे ज्याची ओळख पुसली गेली तो, अशी आमची सवयीची समजूत. येथे उलटे घडले. नाव उघड झालेल्या डॉमिनिकला कोठडी मिळाली आणि नाव झाकले गेले म्हणून एम. एक्स.ला न्यायाच्या दारापर्यंत जाता आले. त्या दोन अक्षरांमागे लाज नव्हती. ती अक्षरे नसती तर हा खटलाच उभा राहिला नसता आणि त्यानंतरच्या शेकडो कामगारांना आधार देणारा निकालही मिळाला नसता. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने न्यायालयात अशी ओळख झाकण्याची सोय लेखी करून ठेवली. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

येथवर सारे सोपे आहे. कठीण प्रश्न तिसऱ्या माणसाचा आहे. रुग्णाच्या मौनामुळे दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात येत असेल तर डॉक्टरने काय करावे?

१९९८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच प्रश्न आला. लग्न ठरलेल्या एका माणसाला एचआयव्ही असल्याची माहिती रुग्णालयातून बाहेर गेली, लग्न मोडले, समाजात राहणे अशक्य झाले. त्याने रुग्णालयावर दावा केला. न्यायालयाने निकाल दिला, की ज्या मुलीशी लग्न ठरले होते तिच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून रुग्णालय दोषी नाही. एवढ्यावर न थांबता, अशा माणसाचा विवाहाचा अधिकारच तूर्त स्थगित मानावा, अशा आशयाचे विवेचनही झाले. २००२ साली मोठ्या पीठाने विवाहाविषयीचे ते विवेचन अनावश्यक होते, असे स्पष्ट केले.

मुलीला कळायला हवे होते, याविषयी आम्हांला शंका नाही. ‘मुलीला कळणे’ आणि ‘सगळ्यांना कळणे’ यांतले अंतर मात्र कोणीतरी राखायला हवे होते. २०१७ च्या कायद्याने ते राखण्याचा प्रयत्न केला आहे. जोडीदाराला सांगण्याचा अधिकार त्याने फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरला वा समुपदेशकाला दिला, तोही पायऱ्या घालून. जोडीदाराला खरोखर मोठा धोका असला पाहिजे. आधी रुग्णाला स्वतःहून सांगण्यासाठी समजावले पाहिजे. तो सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे. आणि ‘आता मी सांगणार आहे’ हेही रुग्णाला कळवले पाहिजे. ज्या स्त्रीला हे सांगितल्याने घराबाहेर काढले जाण्याचे वा मारहाणीचे भय आहे, तिच्यावर सांगण्याचे बंधन कायद्याने घातलेले नाही. या शेवटच्या अपवादात आम्हांला आपल्या समाजाचे फार नेमके ज्ञान दिसते. नवऱ्याकडून आजार आलेली आणि तरीही ‘हिनेच आणला’ म्हणून माहेरी धाडलेली बाई कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतही अशाच मोजक्या वाटा आहेत. न्यायाधीशाचा आदेश असेल, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला गंभीर आणि निश्चित धोका असेल किंवा रोग शासनाला कळवणे बंधनकारक असेल, तरच डॉक्टरने तोंड उघडावे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली, म्हणून जुनीच चालू आहे. वकिलाला अशिलाचे बोलणे न्यायालयात उघड न करण्याचे जे संरक्षण आपल्या पुराव्याच्या कायद्यात आहे, ते डॉक्टरला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. न्यायाधीशाने विचारले तर त्याला सांगावे लागते.

शासनाला कळवणे आणि गल्लीला कळवणे या दोन क्रिया मात्र एक नव्हेत. २०१२ पासून क्षयरोगाची नोंद शासनाकडे करणे खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. ती नोंद उपचार तडीस नेण्यासाठी असते. परंतु नोंदवहीतून ती बाहेर पडली की तिचे रूप पालटते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी सोल्जर घरात शिरून रोगी शोधत, त्याला माणसांतून उचलून नेत आणि सामान रस्त्यावर जाळत. त्या अपमानाची परिणती रँडच्या वधात झाली, हे आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याचा आधार २०२० मध्येही घेतला गेला. कोरोनाच्या त्या पहिल्या महिन्यांत बाधितांच्या नावापत्त्यांच्या याद्या मोबाईलवरून फिरल्या, त्या आमच्यापर्यंतही आल्या होत्या. बंदूकधारी सोल्जरची गरजच उरली नव्हती. ते काम आपणच बोटाने करत होतो. घरांवर फलक चिकटवू नयेत, सक्षम अधिकाऱ्याचा तसा विशेष आदेश असेल तरच ते लावावेत, हे सर्वोच्च न्यायालयाला त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सांगावे लागले.

आता आमच्या गावाविषयी. सोलापूर हे चार भाषांचे शहर. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या वाटेने कन्नड, शिवाय उर्दू आणि सर्वांना सांधणारी मराठी. याचा आम्हांला अभिमान आहे आणि संमेलनांच्या व्यासपीठांवरून आम्ही तो व्यक्तही करतो. पण सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर उभे राहिले, की या बहुभाषिकतेची दुसरी बाजू दिसते. आयुष्यभर विड्या वळलेली एखादी आजी तेलुगूत बोलते, डॉक्टर मराठवाड्यातला वा विदर्भातला असतो. मध्ये दुभाषी कोण? बरोबर आलेला नातू, शेजारीण, नाही तर हाताशी असलेला वॉर्डबॉय. गर्भाशयाचा आजार बारा वर्षांच्या नातवाच्या तोंडून सांगावा लागतो. शेजारणीसमोर सांगणे म्हणजे गल्लीला सांगणे, हे ती आजी जाणून असते; म्हणून ती अर्धेच सांगते. केसपेपरवर त्या अर्ध्याचे आणखी अर्धे उतरते आणि उपचार त्यावर होतात. गोपनीयता हे शहरी सुखवस्तू लोकांचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी या आजीचा विचार करावा. तिच्यासाठी गोपनीयता म्हणजे अचूक निदान होण्याची अट आहे. तिच्या भाषेतला एक शपथबद्ध दुभाषी तिथे बसवणे हे भाषेचेच काम आहे, आणि भाषा शिकवणाऱ्या आमच्या विभागांना ते कधी सुचलेले नाही.

आमच्या एका सहकाऱ्याचा आक्षेप येथे नोंदवला पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की या झाकाझाकीमुळेच रोगांना कलंक चिकटतो. सगळ्यांनी उघड बोलावे, म्हणजे लाज आपोआप जाईल. साहित्याचे कामही झाकलेले उघडे करणे हेच नाही का?

आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर आम्हांला र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये सापडते. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे चाललेल्या त्या मासिकाने ज्या विषयांची वाच्यता कोणी करत नसे ते विषय छापील अक्षरांत आणले. वाचकांनी लैंगिक समस्या विचारायच्या आणि कर्व्यांनी उत्तरे द्यायची. त्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, तरीही कर्व्यांना दंड झालाच. अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकामुळे हा इतिहास अलीकडच्या प्रेक्षकांनाही ठाऊक झाला आहे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की कर्व्यांनी प्रश्न चव्हाट्यावर आणला, प्रश्न विचारणाऱ्याला नव्हे. शिक्षा झाली ती त्यांनी स्वतः सोसली.

म्हणजे रोगाविषयी मोकळेपणाने बोलावे. रोग्याविषयी त्याने सांगितल्याखेरीज बोलू नये. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. डॉ. अभय बंग यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’मध्ये स्वतःचे हृदय महाराष्ट्रापुढे उघडे केले आणि कित्येकांना त्याचा उपयोग झाला, कारण उघडणारा हात ज्याचे हृदय त्याचाच होता. डॉमिनिकही पुढे उघडपणे बोलला. पण त्याने स्वतः बोलणे आणि पोलिसांनी त्याला उघडे पाडणे, यांना ‘वाच्यता’ हा एकच शब्द लावणे अन्यायाचे आहे. रुग्णांच्या हकिकतींवर उभी असलेली डॉक्टरांची आत्मकथने आपण आवडीने वाचतो आणि अभ्यासक्रमांत लावतो. ती शिकवताना ‘या गोष्टीतल्या माणसाला विचारले होते का?’ हा प्रश्न आम्ही वर्गात कधी उपस्थित केला नाही. शैली, निवेदन, वास्तववाद यांवर मात्र तास घेतले.

शिक्षक म्हणून आमच्यापुढे आणखी एक पेच असतो. कनिष्ठ महाविद्यालयात अठरा वर्षांखालील मुले असतात. एखादी मुलगी “कोणाला सांगणार नसाल तर सांगते” म्हणून बोलू लागली आणि ते लैंगिक अत्याचाराविषयी निघाले, तर बालकांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे आमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून ‘सांगणार नाही’ हे वचन आम्ही आधी देऊ शकत नाही, आणि ते न दिल्यास ती बोलत नाही. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एक वाट काढली. घटना कळवावी, पण तिने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. आमच्या खोलीत मात्र अशी वाट नाही. आम्ही आता बोलणे सुरू होण्याआधीच सांगतो, की काही गोष्टी आम्हांला कळवाव्या लागतील, मात्र ज्यांना कळवणे भाग आहे त्यांच्याखेरीज कोणालाही कळणार नाहीत. काही मुली तेथूनच उठून जातात. त्या गेल्या याचे वाईट वाटते. पण खोटे वचन देऊन त्यांना बसवून घेणे त्याहून वाईट होईल, असे आमचे मत आहे.

त्या प्रमाणपत्रानंतर आम्ही आमच्या विभागापुरता एक बदल केला. प्रमाणपत्रावर आता आजाराचे नाव मागत नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत उपस्थित राहण्यास असमर्थ’ एवढे डॉक्टरने लिहिले की पुरे. प्रमाणपत्र बंद लखोट्यात घेतले जाते आणि ते एकच जण उघडतो. यावर पहिला आक्षेप असा आला, की मग खोटी प्रमाणपत्रे ओळखायची कशी? ती पूर्वीही ओळखता येत नव्हती, एवढेच आम्ही म्हणालो. विषमज्वर आणि कावीळ आमच्या फायलींत वर्षानुवर्षे सुखाने नांदत होते. उघडे पडले ते एक खरे प्रमाणपत्र.

त्या व्यक्तीची क्षमा मागायला हवी, हे आम्हांला कळते. पत्ता कार्यालयातल्या नोंदवहीत आहे. पण ती नोंदवही उघडून, न विचारता त्या दारात जाऊन उभे राहण्याचा अधिकार आम्हांला आहे का, हे अद्याप ठरवता आलेले नाही. म्हणून येथे नाव न घेता लिहिले.